चोवीस जोड्या

मानपाडा, डोंबिवली
रविवार, २१ सप्टेंबर १९९७

प्रिय धाकू,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू म्हणशील, या घाट्याला आता काय हवंय. हवंय काहीतरी, पण ते शेवटी लिहितो. आधी बाकीचं वाच. मध्येच घडी करून पत्र उशीखाली सरकवू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. लाइटबिलंसुद्धा तू तशीच ठेवायचास आणि सगुणावहिनी चादर झटकताना ती खाली पडायची. खरं तर हे समोर बसून बोलायचं होतं. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी मी आंबिवलीला तुझ्या गोदामाच्या फाटकापर्यंत येऊन गेलो. एकदा तू कुणाला तरी ट्रक मागे घ्यायला सांगत होतास, एकदा खुर्चीवर बसून डबा खात होतास. दोन्ही वेळा मी समोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि स्टेशनकडे वळलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन गाळ्यांचा मालक, आणि एवढासा रस्ता ओलांडता आला नाही. म्हणून लिहितो आहे.

इकडे सगळं ठीक आहे. विमलचे गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. तू शपथेवर गप्प राहायचास आणि मी तुझ्या डब्यातला सुका जवळा खाऊन घरी साळसूदपणे आमटीभात जेवायचो, ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. परवा सांगितलं. आपला जुना गाळा आहेच, शेजारचा कुंडलिकचाही घेतला. मशीनं आता ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. फेऱ्यांचा आकडा लाल अक्षरांत दिसतो, झाकण उघडं असेल तर चाक फिरतच नाही. पेले बाहेरून तयार होऊन येतात, सगळे एकसारखे. तोल बघायलाही यंत्र आहे. एक पोरगा त्याच्यासमोर बसतो, काटा बघतो आणि कार्डावर सही करतो. त्याची चूक काही नाही, पण त्याला बघितलं की मी उगाच चिडतो आणि तो बिचारा घाबरतो.

ऐंशी साली ठाण्याची नोकरी सोडून मी गाळा घेतला, तेव्हा माझ्याकडे एक डिप्लोमा होता, एक परदेशी कॅटलॉग होता आणि अक्कल बेताचीच होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेबलावर मावेल असं लहान सेंट्रिफ्यूज आपण इथे बनवायचं, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. मोठ्या हॉस्पिटलांत मोठी यंत्रं असायची, पण गल्लीतला लॅबवाला हातानं दांडा फिरवत बसायचा. कागदावर सगळं सोपं होतं. खाली मोटर, वर फिरणारं चाक, चाकाला टांगलेले अॅल्युमिनियमचे आठ पेले, पेल्यांत काचेच्या नळ्या. चाक जोरात फिरलं की पेले आडवे होतात, रक्तातला लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं, ते तपासायचं. मी बनवलेलं पहिलं मशीन मात्र चालू केल्याबरोबर टेबलावरून चालायला लागलं. खरोखर चालायला लागलं. मी ते मिठी मारून धरलं आणि ओरडून बटण बंद करायला लावलं. कुंडलिक दारात उभा राहून हसला आणि म्हणाला की याला पट्टा बांध आणि सकाळी फिरायला ने. तुझं नाव मला सुचवलं तेही त्यानंच. मोठागावच्या खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक कोळी आहे, तो थरथरणाऱ्या लोखंडाचा डॉक्टर आहे, असं म्हणाला.

तू आलास, माझ्या नकाशाकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. मशीन चालू करायला सांगितलंस, डावा हात उलटा करून हाताची पाठ त्याच्या अंगाला लावलीस आणि डोळे मिटलेस. मग म्हणालास, "हिचा येक अंग भारी हाय रं. आन् पेले सगले येगयेगले." मला राग आला होता, आता सांगतो. डिप्लोमा माझ्याकडे होता ना. पण तू चाक उभं धरून त्याचा आडवा आस दोन पात्यांवर टेकवून ठेवलंस, जड बाजू फिरून आपोआप खाली आली, तिथे बारीक भोक पाडलंस. पुन्हा ठेवलंस, पुन्हा पाडलंस. संध्याकाळी पेले न लावता, नुसत्या चाकानिशी मशीन चालू केलं तर सुरुवातीची थरथर येऊन गेली आणि नंतर एवढं शांत झालं, की चालू आहे की बंद हे बघायला मी वाकलो. हे तुला कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणालास, बापानं. दामाजीकाकांनी तुला लहानपणी होडीच्या इंजिनावर हात ठेवून बसवलं होतं आणि कुठलं दुखणं कुठे आहे ते ओळखल्याशिवाय उठू दिलं नव्हतं.

पेल्यांचा प्रश्न उरला. ते आपण सळईतून लेथवर काढायचो, त्यामुळे कुठला दोन ग्रॅम भारी, कुठला तीन हलका. एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं मला वाटायचं. पण चाक मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असताना समोरासमोरचे दोन पेले सारखे नसतील, तर तो फरक लाथा झाडतो. तू कल्याणहून सोनाराचा जुना तराजू आणलास. दोन पेले दोन पारड्यांत ठेवायचास, जड असेल तो कानशीनं घासायचास, काटा मधोमध उभा राहीपर्यंत. जोडी जमली की दोघांची तोंडं एकमेकांना लावून जाळं विणायच्या दोऱ्यानं गाठ मारायचास. तुमच्यातली ती गाठ, ओढली तर घट्ट होणारी. आकडे नाहीत, खुणा नाहीत. मी म्हणायचो, अरे, नंबर ठोक. तू म्हणायचास की नंबर पुसला जातो, गाठ कुणी मुद्दाम सोडल्याशिवाय सुटत नाही. पेले चाकावर चढवताना तू स्वतः दोरा कापायचास आणि जोडी समोरासमोर बसवायचास. पाच वर्षं असंच चाललं, आणि पाच वर्षांत एकही मशीन परत आलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतका सुखात पुन्हा कधी नव्हतो. तेव्हा ते कळलं नाही, हा माझा दोष.

आता शहाऐंशी साल. तुला माहीत आहे तेवढं आधी लिहितो. आषाढात दामाजीकाका गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर आलास. मी म्हटलं, थांब अजून चार दिवस. तू ऐकलं नाहीस. लॅबना यंत्रं पुरवणाऱ्या ठाण्याच्या सप्लायरची सहा मशीनं द्यायची होती, आणि ती पसंत पडली तर पुढे चाळीसची ऑर्डर होती. चाकं तू पुरी केलीस, अठ्ठेचाळीस पेल्यांच्या चोवीस जोड्या बांधून टोपलीत ठेवल्यास आणि नारळी पौर्णिमेला दोन दिवस घरी राहिलास. त्या वर्षी घरात दुखवटा होता म्हणून सण नव्हता, पण होडीला नारळ दाखवायला घरातलं कुणीतरी हवं, म्हणून गेलास. परत आलास तेव्हा मशीनं गेलेली होती. तू दारातच विचारलंस की जोड्या तशाच बसवल्या ना. मी म्हणालो, हो, तशाच.

पंधरा दिवसांनी कल्याणच्या एका लहान लॅबमध्ये त्यातलं एक मशीन टेबलावरून चालत सुटलं. तिथल्या टेक्निशियन शेवंतीबाई दुसऱ्या खोलीतून धावत आल्या, त्यांनी ते धरायला हात पुढे केले, आणि ते सगळं वजन त्यांच्या उजव्या पायावर पडलं. हाड मोडलं. नळ्या फुटल्या, त्यात एका तान्ह्या बाळाचं मोठ्या मुश्किलीनं काढलेलं रक्त होतं, तेही फरशीवर गेलं. सप्लायर सहाच्या सहा मशीनं टेंपोत घालून घेऊन आला. गाळ्याच्या मध्यभागी उभा राहून त्यानं विचारलं, तोल कोण बघतं. धाकू, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. एवढं तरी खरं मान. पण तू आधी बोललास. "मी बघतो, शेठ," म्हणालास. मग मशीन चालू करून हाताची पाठ लावलीस. ते घोड्यासारखं उसळत होतं. तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. तू इतकंच म्हणालास, "मना कसा कलला नाय?" सप्लायर गेला. तू सगळ्यांदेखत म्हणालास की बाप गेला तेव्हापासून हात थंड पडलाय, बापाबरोबर माझा हातही गेला. शनिवारी तू तराजू पुसून माझ्या टेबलावर ठेवलास आणि गेलास. मी थांबवलं नाही. पगाराचं पाकीट दिलं आणि सांभाळून राहा, असं काहीतरी म्हणालो. स्वतःच्या या वाक्याची मला अजून किळस येते.

आता तुला माहीत नसलेलं. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी गाळ्यावर एकटाच असताना सप्लायर न सांगता आला, सोबत एक मोठे डॉक्टर. मशीनं बघून खूश झाले. मग डॉक्टरांचं लक्ष टोपलीकडे गेलं. जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेले, कानशीची पूड लागलेले ते पेले बघून त्यांनी विचारलं की हे काय, लग्नाच्या सुपाऱ्या बांधून ठेवल्यात की काय. दोघं हसले. मीही हसलो, धाकू. वर म्हणालो की आमचा माणूस जरा गावठी आहे, मी आत्ता स्वच्छ करून घेतो. हे शब्द माझे आहेत. ते तिथे चहा पीत बसले होते, बाहेर टेंपो उभा होता, आणि मी कात्री घेऊन एकेक दोरा कापला. चोवीस. सगळे पेले एका बादलीत टाकले, साबणाच्या पाण्यानं धुतले, फडक्यानं चकाचक केले आणि हाताला येतील तसे चाकांवर चढवले. तुझं जोड्यांचं वेड मला माहीत नव्हतं असं नाही. रोज बघत होतो. पण त्या दोन माणसांसमोर तो दोरा मला माझ्या डिप्लोम्यावरचा डाग वाटला. एक मशीन अर्धा मिनिट चालवून दाखवलं. ते थरथरलं. मला जाणवलं. मी आवाज चढवून डॉक्टरांना आकड्यांची माहिती द्यायला लागलो आणि बटण बंद केलं.

तू निघून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी एकटा गाळ्यावर आलो. परत आलेल्या मशीनांचे अठ्ठेचाळीस पेले काढले. ज्याचं तोंड चेपलं होतं तोही घेतला, वजन कुठे बदलतंय. तुझा तराजू लावला आणि एकेकाचा जोडीदार शोधत बसलो. चोवीसच्या चोवीस जोड्या सापडल्या. प्रत्येक वेळी काटा मधोमध उभा. एकही जोडी तू चुकला नव्हतास. पडलेलं मशीन सोडून बाकीच्या पाचांवर मी त्यातल्या वीस चढवल्या आणि ती पाची एकदम चालू केली. गाळ्यात फक्त पंख्याचा आवाज येत होता. बाप गेल्याच्या दुःखात, न जेवता केलेलं तुझं ते काम होतं, आणि ते तुझ्या आजवरच्या कामापेक्षा कणभरही कमी नव्हतं. त्याच क्षणी उठून मोठागावला यायला हवं होतं. सायकल दाराशीच होती.

का आलो नाही, याची कारणं मी वर्षानुवर्षं तयार ठेवली. चाळीसची ऑर्डर हातची जाईल. शेवंतीबाई पोलिसात जातील. तू कोळीवाड्यात माझी छी थू करशील. आज वाचून बघतो तर त्यातलं एकही खरं नाही. ऑर्डर तशीही गेली. खरं एवढंच की मी तुला गावठी म्हणालो होतो, आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नव्हतं. तू एकदा जरी माझ्यावर संशय घेतला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडणात सगळं बाहेर पडलं असतं. तू संशय घेतला नाहीस. जोड्या तशाच बसवल्या हे माझं वाक्य तू खरं धरलंस आणि स्वतःचा हात खोटा ठरवलास. नंतर कळलं की तू लेथ सोडलास, होडीच्या इंजिनालाही हात लावत नाहीस, आंबिवलीला मेहुण्यानं वॉचमनची नोकरी लावून दिली. मी प्रत्येकाला सांगत राहिलो की धाकू हट्टी आहे, मी किती समजावलं. लोकांनी मान डोलावली, कारण तू हट्टी आहेसच.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या मंगळवारी तुझी मंजुळा गाळ्यावर आली. मी ओळखलं नाही, ती सातवीत असताना शेवटची बघितलेली. आय.टी.आय.चं मशीनिस्टचं सर्टिफिकेट तिनं टेबलावर ठेवलं, पहिल्या वर्गाचं, आणि त्यावर तुझी चिठ्ठी. तू लिहिलंयस की हिला पॅकिंगला ठेव, पण तोल बघायच्या कामाला बसवू नकोस, आमच्या हातात खोट आहे, पुन्हा कुणाला इजा नको. मी चिठ्ठी दोनदा वाचली. ती म्हणाली की बाबा दरवर्षी दिवाळीच्या आधी शहाडला त्या बाईंच्या घरी जातात, सुकी मासळी देतात, पायाची चौकशी करतात आणि माफी मागून येतात. घरी लेथचं नाव काढू देत नाहीत, मी आय.टी.आय.ला गेले तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. अकरा वर्षं, धाकू. माझ्या चुकीची माफी तू मागत होतास, आणि मी इथे नवीन गाळ्याचा रंग निवडत होतो. मंजुळाकडे मी आठवडाभराची मुदत मागितली, कारण तिच्या तोंडाकडे बघवेना. काल शहाडला गेलो. शेवंतीबाईंना सगळं सांगितलं, कात्रीपासून. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाल्या, "माझा पाय कधीच बरा झाला, थंडीत दुखतो तेवढाच. मला काय सांगताय? त्या माणसाला जाऊन सांगा." म्हणून सांगतो आहे. दोरे मी कापले. तुझा हात तेव्हाही बरोबर होता, आजही असेल. मला माफ कर असं लिहीत नाही, तो हक्क मी गमावला. मला शिव्या दे, कोळीवाड्यात सांग, सप्लायरला सांग, मी कुठेही येऊन हो म्हणेन. फक्त हे पत्र आधी मंजुळाला वाचायला दे. आपल्या बापाच्या हातात खोट आहे असं समजून ती मोठी झाली, आणि आता स्वतःच्या हाताकडेही तशीच बघते आहे. तुझी चिठ्ठी सोबत परत पाठवतो. ती मला पाळता येणार नाही.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
रघू